पाकळी कोणी धरायची

आजच्या मुलींना पाठराखीण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. नवरी सासरी निघाली की तिच्या सोबतीला माहेरची एखादी मुलगी जायची, चार-पाच दिवस राहायची. नव्या घरात नवरीला आपलं कुणीतरी बोलायला असावं, पाणी कुठं, मोरी कुठं, कुणाला काय म्हणून हाक मारायची, हे दोघींनी मिळून शोधावं, एवढाच त्यातला हेतू. सत्यनारायण आटोपला की पाठराखणीच्या हातावर परकराचं कापड ठेवायचे आणि तिला घरी पोचवायचे. मी माझ्या चुलत बहिणीची, विमलताईची, पाठराखीण होऊन गेले ती भर उन्हाळ्यात, आणि परत आले तेव्हा श्रावण सरत आला होता. मधल्या दिवसांचं हे प्रकरण. माझी सून म्हणते, "आई, एवढं एक लिहू नका, विमलमावशी अजून आहेत." अगं, आहेत म्हणूनच लिहिते. गेल्यावर लिहिलं तर त्यांना वाचता कुठं येणार?

तर आधी घर सांगते. गुलमंडीच्या मागच्या बोळात काकांचं घर होतं. माझे वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आई आणि मी काकांकडंच. काकू वाईट होती असं मी म्हणणार नाही. ती आम्हांला जेवायला द्यायची आणि जेवायला दिलं हे दिवसभर बोलायची. सकाळी सुशीला, म्हणजे मुरमुऱ्याचा फोडणीचा नाश्ता, तोही आधी सगळ्यांचा होऊन खाली जो तिखट चुरा उरायचा तो आमचा. मला तो अजूनही तसाच आवडतो, करायचा काय. दुपारी भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी. आई पहाटेपासून पाट्यावर काहीतरी वाटत असायची. त्या घराचा आवाज म्हणजे आईच्या वरवंट्याचा आवाज. तो थांबला की काकू आतून विचारायची, "झोपलात का वो?" आई मोठी जाऊ होती, पण काकू तिला वो म्हणायची ते मानानं नव्हे, लांब ठेवायला.

मागं परसात फुलझाडं होती. जास्वंद, गोकर्ण, झेंडू, पावसाळ्यात तेरडा, कुंपणाला मेंदी. एकदा मी खलबत्त्यात दाणे कुटत होते. बत्त्याला चिकटलेला चुरा झाडायला तो पाट्यावर दोन-चारदा आपटला तर खाली फडकं, आणि फडक्याखाली वाऱ्यानं आलेलं गोकर्णीचं फूल. उचलून बघते तर फडक्यावर अख्खं फूल उतरलेलं. नुसता डाग नाही, फूल. त्याच्या शिरा, मधला पिवळा डोळा, पाकळीच्या काठाची चुणी, सगळं. मी दाणे तसेच टाकले आणि जे हाताला लागलं ते ठोकत सुटले. फडकं खराब केलं म्हणून काकूनं त्याच बत्त्यानं माझ्या पोटरीवर एक ठेवून दिला. पण मला एक नाद लागला तो लागलाच. शेजारी रंगाऱ्यांची घरं होती, त्यांच्या अंगणात बघून कळलं की कापड आधी तुरटीच्या पाण्यातनं काढून वाळवायचं, म्हणजे रंग धरतो. बाकीचं फुलांनीच शिकवलं. लाल जास्वंद कापडावर लाल उतरत नाही, जांभळी उतरते. ताजं पान फार पाणी सोडतं, ते तासभर सावलीत कोमेजू द्यावं लागतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, पाकळी सरकली की चित्र गेलं. म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटानं देठापाशी पाकळी दाबून धरायची, उजव्या हातानं बत्ता कडेकडेनं हळूहळू आणायचा, आणि आपल्या नखापाशी येऊन थांबायचं. अगदी नखापाशी. त्या थांबण्यातच सगळं काम होतं. बघणाऱ्याला वाटायचं आता बोट गेलं. माझं कधी गेलं नाही.

विमलताईचं लग्न ठरलं तेव्हा काकूला माझी आठवण झाली. तोवर विमलताई आणि मी एका गादीवर झोपायचो, ती माझ्या वेण्या घालायची, माझ्या वाटची भांडणं काकूशी ती भांडायची. हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. मुलाकडचे मुकुंदवाडीचे, तेव्हा ते गावाबाहेरचं गाव होतं. विहीर, मळा, घरापुढं मोठी फुलबाग. शिवाय मुलगा सरकारी नोकरीत. असं स्थळ मिळाल्यावर रुखवत तसंच पाहिजे. रुखवतात नवरीच्या हातच्या वस्तू मांडतात, आणि विमलताईच्या हाताला लाटण्यापलीकडं काही येत नव्हतं. मग काकूनं मांजरपाटाचा अख्खा तागा आणला, माझ्यापुढं टाकला आणि म्हणाली, "तुझ्या त्या ठोकाठोकीचा आज उपयोग होऊ दे." चादर, उशांचे अभ्रे, टेबलावरचं कापड, देवघराचा पडदा, सगळ्यांवर मी फुलं उतरवली. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात काकूनं दोऱ्यानं "विमल" असं भरलं. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. ताईचं लग्न, ताईचं नाव. बरोबरच होतं ना.

लग्नात तिच्या सासूबाईंनी, त्यांना सगळे अक्का म्हणायचे, रुखवताच्या टेबलापाशी येऊन चादरीवर हात फिरवला. निजामाच्या अमलात वाढलेली बाई, बोलण्यात निम्मं उर्दू. "क्या हुन्नर है," त्या म्हणाल्या. "सुनबाई, हे तू केलंस?" विमलताईनं मान खाली घालून हो म्हटलं. नवरीनं मान खालीच घालायची असते, त्यामुळं ते खपून गेलं. काकूनं मग लागलीच मला बाजूला ओढलं आणि पाठराखीण म्हणून तूच जायचं असं सांगितलं. "त्या बाईनं तिकडं काही करून मागितलं तर? तू असलीस म्हणजे बरं."

मुकुंदवाडीत दुसऱ्याच दिवशी अक्कांनी आम्हां दोघींना समोर बसवलं. आधी माझे हात हातात घेतले, उलटे केले, पालथे केले. माझ्या नखांत तेव्हा बारमाही निळं-जांभळं भरलेलं असायचं, साबणानं जायचं नाही. मग त्यांनी विमलताईचे हात घेतले. स्वच्छ, गुलाबी नखं. अक्कांनी दोन्ही हात शेजारी शेजारी धरले, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "मेंदी छान रंगलीय हं सुनबाई." बस. एक शब्द जास्त नाही. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाल्या, "ही धाकटी राहू दे थोडे दिवस. सुनेला करमेल." त्यांना पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. हे मला म्हातारपणी कळलं असं नाही हो, मला तिथंच कळलं. कळलं नाही ते विमलताईला, किंवा कळूनही तिनं मनाला कळू दिलं नाही.

त्यानंतरचा रोजचा दिवस असा. जेवणं झाली की अक्का म्हणायच्या, "सुनबाई, तुझं ते काम घेऊन बस बरं." मग आम्ही दोघी मागच्या खोलीत जायचो, विमलताई आतून कडी लावायची आणि गादीवर आडवी व्हायची. मी ठोकायची. नणंदेला चादर, जावेला चादर, तहसीलदाराच्या बायकोला पडदे. खोलीच्या मागनंच रेल्वेचा रूळ गेलेला. गाडी गेली की पाटा हातभर हलतोय असं वाटायचं, मी बत्ता वरच धरून थांबायची. मनमाडकडनं येणारी गाडी आमच्या गावच्या स्टेशनावर थांबून पुढं आलेली असायची. मला वाटायचं, हिनं आत्ता आमचं गाव बघितलं. अक्का मात्र मला जेवायला अगदी मनापासून घालायच्या. भातावर साजूक तुपाची धार, वर "खा गं, हात चालला पाहिजे." औताच्या बैलाला पेंड घालतात तसं. गंमत बघा, एखाद्या दुपारी विमलताईला त्या मुद्दाम बाहेर बोलवायच्या, ओसरीवर समोर बसवायच्या, आणि आतून माझा ठक-ठक आवाज येत असताना तिला विचारायच्या, "आज किती झालं तुझं काम?" ती म्हणायची, "निम्मं झालं, अक्का." आतनं ठक-ठक. "शाब्बास," अक्का म्हणायच्या. "मन लावून कर." शेजारच्या बायका पदर तोंडाला लावायच्या. मांजर उंदराला खात नाही, नुसती पंजाखाली ठेवते, तसलं ते चालायचं.

शाळा उघडायची वेळ आली. माझी आठवी. मी रोज विचारायची, ताई, घरी कधी? ताई म्हणायची, हा पडदा झाला की. मग एक दिवस आईच आली, पिशवीत माझा शाळेचा गणवेश आणि वह्यापुस्तकं घेऊन, भर उन्हात चालत. पुढच्या दारात बायका बसलेल्या. अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही मागनं या. पुढं सवाष्णी बसल्यात." आई मागनं आली. मी तिच्या पिशवीकडंच बघत होते. अक्कांनी तिला चहा दिला, लई गोड बोलल्या, तुमची पोर म्हणजे सोनं आहे म्हणाल्या. मग विचारलं, "शाळेत घालून काय करणार? मामलेदार करणार?" आई कधी नव्हे ते धीरानं म्हणाली, "तिच्या बापाची तेवढी एकच इच्छा होती." अक्का म्हणाल्या, "मग बाप येऊ दे न्यायला."

आई उठली. तिनं पिशवी उचलली, माझा गणवेश घेऊन परत चालत गेली. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. काकूनं तिला घरनं निघतानाच बजावलं होतं, पोरीला आणलंत तर दोघींनी दुसरीकडं बघा. हे मला पुढं कितीतरी वर्षांनी आईच्या तोंडून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की आई आली आणि मला ठेवून गेली.

विमलताई बदलली ती ह्याच दिवसांत. आधी ती माझ्यापुढं रडायची. मग रडायची थांबली. मग मी दिसले की तिच्या कपाळाला आठी पडायची. वेणी घालताना केस ओढायची, इतकी की डोळ्यांत पाणी यायचं. "एवढा आवाज कशाला करतेस? मुद्दाम ना? त्यांना ऐकू जावं म्हणून?" मी म्हणायची, ताई, ठोकल्याशिवाय उतरत नाही. "उलट बोलू नकोस. कुणाच्या जिवावर तूप खातीस?" मला आता तिचं समजतं. माझ्यावाचून तिचं एक दिवस चालत नव्हतं, आणि ज्याच्यावाचून आपलं चालत नाही त्याचा माणसाला राग येतोच. समजतं म्हणून सोडलं असं मात्र कुणी समजू नये.

श्रावणात तिची पहिली मंगळागौर. नव्या नवऱ्या, त्यांच्या सासवा, गावातनं टांगे भरून आलेल्या बायका. बागेतली बहुतेक फुलं आणि तऱ्हेतऱ्हेची पत्री सकाळी पूजेला लागली. पुरणाचा वास घरभर. पूजा आटोपली, बायका ओसरीवर टेकल्या आणि अक्का म्हणाल्या, "आज सुनबाई आपलं काम सगळ्यांसमोर करून दाखवणार आहे. रोज आपलं दाराआड, आज बघू दे की बायकांना."

विमलताईचा चेहरा पांढरा पडला. "अक्का, उपास आहे. अंगात त्राण नाही."

"ठोकायला त्राण कितीसं लागतं? गोफणीनं पाखरं मारायला सांगत नाही मी तुला."

"दाखव की गं!" एक मावशी ओरडली. "आमची सून बघून शिकेल काहीतरी. नुसती लोळत असती."

"मी कधी लोळले वो?" ती सून म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मधोमध पाटा आणला, कापड अंथरलं. तुरटीत मीच आदल्या दिवशी भिजवून वाळवलेलं. विमलताई बसली. बत्ता उचलला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सिंधू, पाकळी धर." मी समोर बसले. तेरड्याचं फूल उलटं ठेवलं, वर पातळ फडकं, देठापाशी बोट. तिला ऐकू जाईल एवढंच बोलले, "ताई, कडेनं. हळू. माझ्या नखापाशी थांब." आणि खरं सांगते, तिनं छान केलं. तीन महिने गादीवर पडून ती माझ्याकडंच तर बघत होती. गुलाबी तेरडा उतरला. बायका "अगं बाई!" म्हणाल्या. मग गोकर्णीचं फूल घेतलं. ते निम्मं उतरलं. विमलताईच्या तोंडावर रंग परत आला, मलाही इतका आनंद झाला की विचारू नका. मला वाटलं, ताईला आलं, आता मी घरी जाणार.

तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "सिंधू, तू ऊठ. आता तिला एकटीला करू दे."

मी मान वर करून अक्कांकडं बघितलं. बोट अजून पाकळीवरच होतं. आणि बत्ता खाली आला. कडेनं नाही, हळू नाही. वरनं.

दुखलं ते नंतर. आधी आवाज ऐकू आला, ओल्या काटकीसारखा. मग मला दिसलं की फडक्यावरचं निळं फूल मधनं लाल होत चाललंय. आणि अक्का आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "घ्या. गोकर्णीवर जास्वंद उतरली." एक-दोघी हसल्या. अक्का बोलल्या की हसायची सवयच होती सगळ्यांना.

विमलताईनं बत्ता टाकला आणि हंबरडा फोडला. अक्कांच्या मांडीवर डोकं टाकून म्हणाली, "माझ्या हातनं झालं! माझ्या लेकरासारख्या बहिणीला लागलं! आता मी जन्मात ह्याला हात लावणार नाही, गौरीची शपथ!" बायका धावल्या, तिच्याकडं. कुणी पाठीवरनं हात फिरवला, कुणी वारा घातला, पाणी आधी तिला दिलं. "किती माया गं बहिणीवर," ती मावशी म्हणाली आणि तिनं स्वतःचे डोळे पुसले. मी पाट्यासमोर बसून होते. कुणीतरी माझ्या बोटावर मूठभर हळद दाबली आणि त्याच फडक्यानं बांधून टाकलं.

संध्याकाळी मागच्या पडवीत अक्का माझ्यापुढं येऊन बसल्या. ताटात पुरणपोळी, वर तूप. उजव्या हातानं खाता येतं ना, म्हणाल्या. मी खाल्लं. भूक लागली होती, खोटं कशाला बोलू. मग अक्का म्हणाल्या, "तुझी बहीण शिकली बरं का ह्या घरात राहायला. मला वाटलं होतं वर्ष लागेल." ताट उचलता उचलता म्हणाल्या, "आता तुझं इथं काय काम? उद्या टांगा सांगते."

म्हणजे बघा, मला जे हवं होतं ते मिळालं. घर आणि शाळा, दोन्ही. घाटीतल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या, डॉक्टरांनी टाके घातले, हाड मात्र वाकडंच सांधलं. आईनं घरी पट्टी सोडून बघितलं, रडली नाही. माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "चुकून लागलं. ऐकलंस? कुणी विचारलं तरी चुकून. विमललासुद्धा कधी विचारायचं नाही. आपल्याला ह्याच छपराखाली राहायचंय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "डावा होता ही देवाची कृपा. लिहिता तर येईल." शाळेच्या बाईंनी मला उशिरा का होईना आठवीत घेतलं. आणि विमलताईकडं पुन्हा कुणीही कधी चादर मागितली नाही. कुणाची छाती होणार? शपथ घातली होती तिनं, तीही बहिणीच्या मायेपोटी.

आईला दिलेला शब्द मी पाळला. ताईशी माझं येणंजाणं राहिलं, लग्नकार्यं झाली, बाळंतपणं झाली, एकमेकींची माणसं एकमेकींनी पोचवली. पण मनात एक किडा होता तो होताच. मी मान वळवली तेव्हा माझं बोट सरकलं असेल का? तिचा हात घसरला असेल का? उपास होता, खरंच त्राण नसेल का? एवढ्या वर्षांत मी दोन्ही बाजूंनी इतका विचार केला की मला दोन्ही खरं वाटायला लागलं.

आणि मागच्या महिन्यात विमलताईच्या नातसुनेनं जालना रोडवरच्या एका हॉलमध्ये कार्यशाळा ठेवली. बागेतल्या फुलांचे छाप कापडावर कसे घ्यायचे ते शिकवणारी. हल्ली त्याचं फार खूळ आहे, मुली हौसेनं येतात. प्रमुख पाहुण्या म्हणून विमलताई. माझी नात मला घेऊन गेली. दारातच रुखवतातली ती चादर, काच लावून, चौकट करून. गोकर्ण उडून करडी झालीय, झेंडू तेवढा टिकलाय, आणि कोपऱ्यात "विमल". ताई खुर्चीवर बसून बोलली. पांढरी शुभ्र, गोड, आवाज अजून खणखणीत. कशी परसात फुलं ठोकायची, कसा तो नाद, ते सगळं माझं सांगितलं तिनं, माझ्यापेक्षा चांगलं. मग मला पुढं बोलावलं, माझा डावा हात हातात घेतला आणि वाकडं बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "ह्या माझ्या बहिणीला माझ्या हातनं लागलं, आणि मी कला सोडली." मुलींचे डोळे भरून आले. एकीनं फोटो काढला.

टाळ्या संपल्यावर मी म्हटलं, मला एक छाप घेऊन बघू द्या. मुलींनी जागा करून दिली. आता पाटा नाही, लाकडी फळी असते आणि रबरी हातोडी. मी म्हटलं, लोखंडी नाही का? एकीनं शोधून आणली. फूल गोकर्णीचंच होतं, निळं. नातसून चिकटपट्टी घेऊन आली, "आजी, ही लावा म्हणजे पाकळी सरकत नाही." मी म्हटलं, नको गं बाई, आमची पद्धत वेगळी. आणि फळी तशीच सरकवत ताईच्या खुर्चीपुढच्या टेबलावर नेली. फूल उलटं ठेवलं. वर फडकं घातलं.

"ताई," मी म्हटलं, "पाकळी धर."

सगळ्या मुली हसत बघत होत्या, दोघी म्हाताऱ्या बहिणी किती गोड. माझा उजवा हात वर होता. मी काही करणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, हातोडीकडं बघितलं, आणि दोन्ही हात हळूच उचलून पदराखाली नेले.